‘बहुपैलू’ म्हणजे नेमके काय, तेही छापा

महोदय,

अनेक शैलींत वाजवणाऱ्या गिटारवादक-संगीतकारावर लेख येतो, तेव्हा जॅझ, रॉक, फ्लॅमेंको (स्पेनची लोकशैली), फ्यूजन अशी नावांची माळ ओवली जाते आणि ‘सर्वत्र लीलया संचार’ म्हणून लेखक मोकळा होतो. शैली बदलली की वाद्यात आणि हातात काय बदलते, हे दोन ओळींत तरी यावे, यासाठी हे पत्र.

क्लासिकल गिटारच्या नायलॉन तारांचा एकूण ताण साधारण ४० किलो, तर १२ गेजच्या (गेज म्हणजे सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) पोलादी तारांचा ७० च्या पुढे. म्हणून नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा चढवल्या की आज ना उद्या घोडी (तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा) उखडते. फ्लॅमेंकोची गिटार दिसायला क्लासिकलसारखीच, पण तिच्या तारा पडद्यांच्या पट्टीला आणखी जवळ असतात. त्यामुळे आवाज किंचित खरखरतो. तो दोष नव्हे, ती खरखर हवीच असते. रॉकला ९ किंवा १० गेजच्या बारीक तारा लागतात, कारण तार बाजूला ओढून सूर पूर्ण स्वराने चढवायचा असतो. जॅझवाले पुष्कळदा जाड, गुळगुळीत वेटोळ्यांच्या तारा लावतात. तिथे तिसरी तारही वेटोळ्याची असते. ती ओढायला जावे तर बोट दुखते आणि सूर अर्ध्यावर अडतो.

खरी गंमत सुरांची. गिटारचे पडदे सप्तकाचे १२ समान भाग पाडतात. त्यात पंचम शुद्ध पंचमापेक्षा जेमतेम २ सेंट उतरतो (एका पडद्याचे अंतर म्हणजे १०० सेंट), पण शुद्ध गंधार १४ सेंट चढा लागतो. साध्या आवाजात हे खपून जाते. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) लावले की तोच गंधार गढूळ होतो, म्हणून रॉकवाले गंधार गाळून नुसते षड्ज-पंचम वाजवतात. लोक याला सोपेपणा समजतात!

रागसंगीतात अडचण मींडेची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्याची. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार आडवी ठेवून तारेवर स्लाइड (गुळगुळीत कांडी) सरकवली. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा त्याच वाटेवरची. जॉन मॅकलॉफ्लिन यांनी ‘शक्ती’ या भारतीय संगीत-जॅझच्या वाद्यवृंदासाठी गिटारच्या पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरून घेतले, म्हणजे तार मोकळेपणाने खेचता येते.

पाश्चात्त्य लोकसंगीतासाठी पुष्कळदा पहिली, दुसरी आणि सहावी तार एकेका स्वराने उतरवतात (डी-ए-डी-जी-ए-डी). यात गंधारच नसल्याने मोकळ्या तारा तानपुऱ्यासारख्या धरून राहतात. मंचावर असे सूर बदलताना तार आधी हव्या सुराच्या खाली नेऊन मग वर आणावी. थेट खाली सोडून थांबलात, तर खुंटीतली ढील आणि खाचेत अडकलेली तार मधेच सुटते आणि दुसऱ्या कडव्यात गिटार बेसूर होते.

रचनाकाराची कसोटी आणखी वेगळी. की-बोर्डवर सुचलेले सारेच गिटारवर बसत नाही. सा-रे-ग एकदम वाजवायचे तर तीन तारांवर पाच-सहा पडद्यांचे अंतर पडते. मोकळी तार मदतीला नसेल तर ते बहुतेकांच्या बोटांत मावत नाही. शिवाय गिटारचे स्वरलेखन प्रत्यक्ष आवाजाच्या एक सप्तक वर असते; ते विसरले की दुसऱ्या वाद्यांशी गाठ चुकते. मुलाखतकाराने पुढच्या वेळी कोणती गिटार, कोणत्या तारा, कोणते ट्यूनिंग आणि रचना कोणत्या वाद्यावर बांधली, एवढे चार प्रश्न तरी विचारावेत.

आपला,
एक गिटारवादक वाचक