विद्यावेतन आधी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्रामीण विद्यार्थी पदवीनंतर संशोधनाकडे का वळत नाहीत, या विषयावरील चर्चासत्राचे वृत्त कालच्या अंकात वाचले. ‘मुलांमध्ये जिज्ञासाच उरलेली नाही’ हे एका वक्त्याचे मत आपण थेट मथळ्यात छापले आहे. साताऱ्यात ३१ वर्षे रसायनशास्त्र शिकवलेल्या मला ते वाचून वाईट वाटले आणि रागही आला.

माझ्या शेवटच्या तुकडीत जावळी तालुक्यातील एक मुलगी होती. वडील नवी मुंबईत माथाडी कामगार, घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. टायट्रेशन करताना, म्हणजे ब्युरेट नावाच्या नळीतून थेंबाथेंबाने द्रावण सोडताना, एखादा थेंब जास्त पडून रंग गडद झाला, तर शेजारणीचे रीडिंग उतरवून न घेता ती मुकाट्याने पुन्हा ब्युरेट भरत असे. पुण्यातील एका नामांकित संशोधन संस्थेत उन्हाळ्यातील दोन महिन्यांच्या प्रकल्पासाठी तिची निवड झाली, तेव्हा आम्ही विभागात पेढे वाटले. पंधरा दिवसांनी ती आली ती बोनाफाईड दाखला मागायला, शिरवळच्या एका कंपनीतील नोकरीसाठी. “मॅडम, पुण्याचं राहू द्या,” एवढेच म्हणाली. खोदून विचारल्यावर तिने संस्थेचे पत्र पुढे केले. वसतिगृहाचे भाडे, खानावळ आणि अनामत मिळून ११,५०० रुपये पहिल्याच दिवशी भरायचे होते आणि विद्यावेतन मिळणार होते अंतिम अहवाल सादर केल्यानंतर. पैसे मी दिले असते, पण तोवर तिने नकार कळवून टाकला होता. तिची जिज्ञासा कोठे कमी पडली, हे त्या वक्त्यांनी मला सांगावे.

जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची, रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली, ती योग्यच आहे. परंतु तेथवर पोहोचण्यासाठी एम.एस्सी. आणि नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, हे दोन्ही टप्पे पार करावे लागतात. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांची अधिछात्रवृत्तीही पीएच.डी.च्या नोंदणीनंतरची आहे. बी.एस्सी.च्या उंबरठ्यावर, जेथे घरचे लोक ‘आता कमवायला लाग’ असे म्हणतात, नेमका तेथेच हात आखडता घेतला जातो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, कारण मुलाच्या राहण्या-जेवणाची सोय आधी झाली पाहिजे, हे त्यांना कळले होते. संशोधन संस्थांनी निवडपत्रासोबतच पहिला हप्ता आणि प्रवासखर्च पाठवावा आणि वसतिगृहाचे पैसे विद्यावेतनातून वळते करून घ्यावेत. एवढे करूनही मुले आली नाहीत, तर मग खुशाल चर्चासत्रे घ्यावीत.

एक तक्रार आपल्याबद्दलही आहे. उन्हाळ्यातील अशा प्रकल्पांचे अर्ज बहुधा आदल्या नोव्हेंबर ते जानेवारीतच मागवले जातात आणि त्यांना शिक्षकांची शिफारसपत्रे जोडावी लागतात. गेल्या हिवाळ्यात अशा एका योजनेची बातमी आपल्या जिल्हा पानावर मुदत संपल्यानंतर दोन दिवसांनी आली, तीही खासगी क्लासच्या पाव पान जाहिरातीखाली चार ओळींत. मेढा आणि पाटणच्या मुलांना ही माहिती आपल्याच अंकातून मिळते. येत्या नोव्हेंबरात ती मुदतीच्या किमान पंधरा दिवस आधी, सर्व तारखांसह छापावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा