बटण स्वस्त, बटणांची पट्टी महाग

संपादक महोदय,

टचस्क्रीन महाग आणि बटण स्वस्त असताना गाड्यांतून बटणेच का नाहीशी होत आहेत, ही शंका नेहमी वाचायला मिळते. त्यात हिशेब फक्त सुट्या भागाचा धरलेला असतो. सर्किट बोर्डावर बसणारा 6 मिलिमीटरचा टॅक्ट स्विच, म्हणजे बटणाखालचा दाबल्यावर टक् करणारा छोटा स्विच, अगदीच किरकोळ किमतीचा असतो. खर्च वाढतो तो त्याच्यावरच्या टोपीने, म्हणजे बोटाने दाबायच्या भागाने. तिला साचा लागतो. रात्री चिन्ह उजळायला हवे असेल तर दुधी प्लास्टिकवर काळा रंग मारून चिन्हापुरता तो लेझरने उडवावा लागतो. खाली एलईडी, शेजारच्या बटणात उजेड झिरपू नये म्हणून आडोसा, शिवाय वायरिंग आणि कनेक्टर. दोन टोप्यांमधली फट जास्त झाली तर डोळ्यांत खुपते, कमी झाली तर बटण अडकते. नंतर एखादी सोय वाढवायची म्हटली की पुन्हा साच्यापासून सुरुवात!

स्क्रीनही सोपी नाही. काच आणि डिस्प्ले चिकटवताना धुळीचा कण किंवा बुडबुडा राहिला तर अख्खा जोड बाद होऊ शकतो. पण अमेरिकेत मे 2018 पासून नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला आणि त्यासाठी स्क्रीन आलीच. एकदा ती आली की एसीचे नियंत्रण तिच्यात टाकायला नवा सुटा भाग लागत नाही. बटणे गेली ती इथे.

वॉशिंग मशीनवरचा ‘टच’ निराळा. तिथे बहुतेकदा काचेमागे तांब्याची चकती किंवा स्प्रिंग असते आणि स्पर्श ओळखणारा मायक्रोकंट्रोलर. स्वस्त खरा, पण पाण्याचा थेंबही त्याला बोटासारखाच वाटू शकतो. संवेदनशीलता उतरवली, तर खरे बोटही नीट ओळखत नाही.

दुरुस्तीचा खर्च मात्र कारखान्याच्या हिशेबात दिसत नाही. टॅक्ट स्विच सोल्डर काढून बदलता येतो. चिकटवलेली स्क्रीन सहसा सबंध बदलावी लागते. टेस्लाने 2021 मध्ये सुमारे 1 लाख 35 हजार मॉडेल एस आणि एक्स गाड्या परत बोलावल्या, त्या स्क्रीन चालवणाऱ्या संगणकातल्या 8 जीबीच्या फ्लॅश मेमरीपायी (माहिती साठवणारी चिप). सतत नोंदी लिहून ती झिजली की स्क्रीन बंद, आणि तिच्याबरोबर मागचा कॅमेरा व काचेवरचे धुके घालवण्याचे नियंत्रणही.

तेव्हा धुके, एसी आणि आवाज यांच्या कळा तरी ठेवाव्यात. टोप्या एकाच आकाराच्या घेतल्या तर साचा एकच पुरतो. चिन्हे तेवढी लेझरने वेगळी कोरायची.

– उत्पादन क्षेत्रातील एक अभियंता