पेनवाले काका

माननीय संपादक,

आमचे पेनवाले काका गेल्या महिन्यात गेले. एरवी कारागिराची बातमी कोण छापतो, म्हणून हे पत्र.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी त्यांच्याकडे लेथवर पेन कातायला शिकलो. पेनं इबोनाइटची, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराची. त्याची कांडी लेथवर लावली की खोलीभर गंधकाचा वास; काकू जेवायला वाढण्याआधी मला दोनदा हात धुवायला लावायच्या. कीस फितीसारखा लांब निघाला तर काका गप्प. भुगा पडू लागला की पाठमोऱ्यानेच म्हणायचे, "हत्यार बोथट झालंय, धार लाव." नुसत्या आवाजावरून!

आट्यांच्या बाबतीत फार कडक. ड्रॉपरने शाई भरायचं पेन, शाई थेट दांड्यात. आटे सैल पडले की खिसा निळा. नवा दांडा पाण्याने भरून, तोंड बंद करून ते रात्रभर तुमच्याच अंकावर आडवा ठेवत. माझ्या पहिल्या चार दांड्यांनी तुमचा अग्रलेख भिजवला आहे.

आंध्रातल्या राजमहेंद्रीचे पेन-कारागीर के. व्ही. रत्नम यांचं स्वदेशी पेन वापरून गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याहून त्यांना आभाराचं पत्र लिहिलं होतं. काका हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, ते घाईत असलं तरी. पैसे सांगायला मात्र विसरत.

त्यांचं लेथ मशीन आता माझ्याकडे आहे. हे पत्र त्यांनी नापास केलेल्या पेनाने लिहिलंय. टोपण दीड फेऱ्यात बसायला हवं होतं, दोन लागतात.

आपला,
एक जुना वाचक, सातारा