कमरेतल्या इंजेक्शनबद्दल आधीच सांगा ना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिझर ठरलं की आपल्याकडे घरात पहिली चर्चा होते ती भूल द्यायच्या कमरेतल्या इंजेक्शनची. ते घेतलं की जन्मभर कंबर धरते, असं आत्याबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्या सांगतात, आणि मग दिवस भरलेली बाई ऑपरेशन थिएटरच्या दारात रडत म्हणते मला पूर्ण झोपवा. खरं म्हणजे कंबरदुखी जास्त करून गरोदरपणाच्या भारानं आणि नंतर वाकून वाकून बाळाला पाजल्यानं होते, सुई टोचलेली जागा दुखते ती चार-आठ दिवस.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली दिसतात, खासगी दवाखान्यांत तर ४७.४ टक्के. म्हणजे हे आता घरोघरी आहे, तरी आत काय होणार ते बाईला कुणी बसून सांगत नाही, घाईघाईत फॉर्मवर सही तेवढी घेतात.

माझ्या धाकट्या जावेचं तेच झालं. इंजेक्शन तिला फार लागलं नाही, बसून पाठ बाहेर काढायला लावली, आधी जागा बधिर करायची बारीक सुई चुरचुरली, मग पाय गरम झाले आणि जड पडले. भूलतज्ज्ञ बाईंनी स्पिरिटचा बोळा पोटापासून छातीपर्यंत फिरवून "गार लागतंय का?" विचारलं, तेही ठीक. पण दोन मिनिटांत तिला मळमळायला लागलं, डोळ्यापुढे अंधारी, तिला वाटलं आपण चाललो! बीपी उतरला होता, या इंजेक्शननं तो बऱ्याच जणींचा उतरतो, सलाईन आणि औषध दिलं की पटकन सावरतो, आणि ते लोक तयारीतच असतात. हे एक वाक्य आदल्या दिवशी कुणी बोललं असतं तर ती एवढी घाबरली नसती.

पुढचंही सांगायला हवं. पोटात ओढल्यासारखं, दाबल्यासारखं कळतं, बाळ काढताना तर चांगलंच, पण कापल्यासारखं दुखायला नको. दुखलं तर दात-ओठ खाऊन सहन करायचं नाही, लगेच बोलायचं, भूल वाढवता येते, नाहीतर पूर्ण झोपवता येतं. बाळ बहुतेक वेळा पहिल्या पाच-दहा मिनिटांतच बाहेर येतं, टाके घालायलाच जास्त वेळ जातो. थंडी वाजून अंग थरथर कापतं, कधी खांदा दुखतो, तेही होतं. पायात जोर यायला दोन-चार तास लागतात, लघवीची नळी त्यानंतरही काही तास असते.

आणि ती उशी! चोवीस तास उशी न घेता सपाट पडून राहिलं की या इंजेक्शननंतरची डोकेदुखी टळते असं अजून सांगतात, पण पडून राहिल्यानं ती टळत नाही. हल्ली सुया बारीक असतात म्हणून ती फारशी होत नाही. झालीच तर ओळख अशी की उठून बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की कमी होतं. असं झालं तर घरी बाम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा, त्यावर उपाय आहेत.

काही वेळा पूर्ण भूलच द्यावी लागते, बाळाला तातडीनं काढायचं असेल किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर, तो निर्णय डॉक्टरांचाच. पण भीतीपोटी ती मागू नका, कमरेतल्या भुलेत आई जागी असते, बाळाचं पहिलं रडणं ऐकते, आणि दोघंही ठीक असतील तर तिथेच बाळ छातीवर घेता येतं.

म्हणून मागणी एवढीच आहे की ठरवून केलेल्या सिझरला तरी भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी दहा मिनिटं बाईशी बोलावं, मराठीत, आणि तिच्या आईला किंवा सासूला शेजारी बसवून, कारण भीती घालणारी माणसं घरातलीच असतात. आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या भूलतज्ज्ञांकडून यावर लिहून घेता आलं तर फार बरं होईल.

आपली,
एक वाचक, सातारा