नवगावला नेणाऱ्या रिक्षावाल्या काकांना थँक्यू

काका, तुमचं नाव विचारायचंच राहिलं, नंबरही घेतला नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. कोणीतरी वाचून दाखवेल तुम्हाला.

मी ती, अलिबाग स्टँडवर भर पावसात लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून उभी होते ती. टीवायचं प्रेझेंटेशन होतं, जगातल्या धर्मांची सुरुवात, आणि सगळं गूगलवरून भरलेलं. बुद्ध, महावीर, कन्फ्युशियस साधारण एकाच काळातले, इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनवाल्यांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, ज्यूंना उचलून नेलं, मग मंदिरच नाही तर धर्म सांभाळायचा कसा, तर शनिवार पाळा, खाण्याचे नियम पाळा वगैरे. पाठ होतं, डोक्यात काही शिरलं नव्हतं.

नवगावला बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, जुनं दफनस्थान बघायचंय म्हटल्यावर तुम्ही लगेच म्हणालात, "ते शनवार तेली ना? शनवारी घाणा बंद ठेवायचे." मी चाटच पडले! त्यांच्यात सांगतात तसं, पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं, सात बाया नि सात पुरुष वाचले, पोथ्या समुद्रात गेल्या. राहिलं काय, तर शनिवारची सुट्टी, पोरांची सुंता, आणि 'शेमा इस्राएल' एवढी एक प्रार्थना. बाकी बोली मराठी, आडनावं नवगावकर, किहीमकर, नवसाला मलिदा, त्यात पोहे, ओलं खोबरं आणि गूळ (माझ्या आजीच्या पोह्यांसारखाच वाटतो की).

येताना तुम्ही मासेवाल्या काकूंच्या टोपलीपाशी थांबलात. डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू माणसाने हे लोक ज्यूच आहेत का ते मासे देऊन पारखलं अशी गोष्ट आहे ना, बायकांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले म्हणे, ते मी काकूंना सांगत होते तर त्यांनी शिंगाळा उचलून माझं बोट त्याच्या पाठीवरून फिरवलं, गुळगुळीत. "याला खवलं नाय, हा ते नाय खायचे." मग बांगडा दिला हातात. तोरा म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, त्यातला पंख-खवल्यांचा नियम (दोन्ही असतील तोच मासा खायचा) मला तिथे, चिखलात उभी राहून कळला.

प्रेझेंटेशनमधल्या अर्ध्या स्लाइड उडवल्या आणि शिंगाळ्याचा फोटो टाकला. सर हसले, पण प्रश्न सगळे त्याच्यावरच आले.

दीड तास थांबलात, वेटिंगचा एक रुपया घेतला नाहीत. पुढच्या वेळी बांगडे काकूंकडूनच घेणार, भाव न करता.