मोठ्या मापाचे पहिले कार्डिगन: काकूंना आभाराचे पत्र

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

बाबांसाठी विणायला घेतलेले कार्डिगन पूर्ण झाले. तुमचे आभार मी समक्ष मानले आहेतच, तरीही हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. बाळांचे स्वेटर, टोपडी आणि मफलर सहज विणणाऱ्या अनेक जणी मोठ्या माणसाच्या मापाला हात घालताना कचरतात. त्यांना नेमके जे कोणीतरी सांगायला हवे असते, ते मला तुम्ही सांगितले.

मोठ्या कार्डिगनसाठी वेगळे टाके शिकावे लागत नाहीत. सुलट, उलट, टाके वाढवणे, कमी करणे आणि बंद करणे हे सारे बाळाच्या स्वेटरातही असते. बदलते ते माप, आणि मापातील लहानसा फरक किती दूर जातो ते तुम्ही मला आकड्यांनी दाखवलेत. नमुन्यात १० सेंटीमीटरला २२ टाके सांगितले असताना आपल्या हाताने २० बसत असतील, तर ५० सेंटीमीटर घेराचा बाळाचा स्वेटर ५५ सेंटीमीटरचा होतो आणि बाळ वाढत असल्यामुळे त्याचे कोणाला काही वाटत नाही. तोच फरक ११० सेंटीमीटर घेरात आला की कपडा १२१ सेंटीमीटरचा होतो, आणि तो अंगावर लोंबत राहतो. म्हणून तुम्ही मला आधी एक चौकोनी तुकडा विणायला लावलात, तोही चांगला ऐसपैस, म्हणजे कडेचे ताणलेले टाके सोडून मधला भाग मोजता येईल. तो धुवून, सपाट वाळवून मगच मोजायचा, कारण काही लोकरी धुतल्यावर सैलावतात आणि कार्डिगन तर पुढे धुतले जाणारच, हे तुमचे म्हणणे मला फार पटले. टाके कमी भरले तर सुई बारीक घ्यायची, जास्त भरले तर जाड. हात मुद्दाम घट्ट किंवा सैल करायचा नाही, कारण तो बदल फार वेळ टिकत नाही.

बाबांच्या छातीचे माप घेतल्यावर त्यात सैलपणा किती धरायचा, हा माझा दुसरा प्रश्न होता. त्यावर तुम्ही कोष्टक पुढे केले नाही. त्यांना अंगाला बरे वाटणारे एखादे जुने कार्डिगन सपाट पसरून मोजायला सांगितलेत. छातीची रुंदी, खांद्यापासून खालपर्यंतची उंची, मुंढ्याची खोली आणि बाहीची लांबी ही चार मापे त्यावरून मिळाली. कार्डिगन सदऱ्यावरून घातले जाते, त्यामुळे अंगाच्या मापापेक्षा सुमारे १० सेंटीमीटर जास्त घेर लागतो, हेही त्या मोजणीतूनच दिसले. माझ्या मते पहिल्या मोठ्या कामासाठी याहून चांगला सल्ला नाही.

लोकरीबद्दल तुम्ही थोडक्यात, पण ठामपणे सांगितलेत. एवढ्या मापाला मध्यम जाडीचा धागा हजार मीटरच्या पुढे सहज जातो, म्हणून सगळे गुंडे एकदम आणि एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, घ्यावेत. काम सरळ सुयांऐवजी लांब दोरीच्या गोल सुईवर पुढे-मागे विणावे, म्हणजे कापडाचे वजन मांडीवर उतरते आणि मनगटे दुखत नाहीत. दोन्ही पुढचे भाग एकाच सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी शेजारी शेजारी विणले, तर त्यांच्या ओळी आपोआप सारख्या राहतात, ही युक्तीही तुमचीच. बाह्यासुद्धा मी तशाच विणल्या.

बाह्यांचे गणित मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे. मनगटाच्या पट्टीनंतर ५० टाके आणि दंडाशी ८० हवे, म्हणजे ३० टाके वाढवायचे. एका ओळीत दोन्ही कडांना एकेक टाका वाढतो, म्हणून वाढीच्या ओळी १५. मधली लांबी ४० सेंटीमीटर आणि १० सेंटीमीटरला ३० ओळी, म्हणजे एकूण १२० ओळी. म्हणून दर आठव्या ओळीला वाढ. हे तुम्ही मला कागदावर मांडून दिले असतेत तर मी ते मुकाट्याने विणले असते. पण तुम्ही एकेक प्रश्न विचारत गेलात आणि उत्तर माझ्याकडून काढून घेतलेत. बाबांचे हात नमुन्यातल्यापेक्षा लांब आहेत, त्यामुळे आकडे पुन्हा मांडावे लागले, आणि ते मी कोणालाही न विचारता मांडू शकले.

बटनपट्टीपाशी मी सर्वांत जास्त धास्तावले होते. कापडाच्या उभ्या कडेवरून टाके उचलताना प्रत्येक ओळीला एक टाका घेतला की पट्टी लाटांसारखी पसरते, आणि फार कमी घेतले की पुढची कड आखडून वर ओढली जाते. दर चार ओळींना तीन टाके उचलायचे, हे तुम्ही सांगितलेत आणि त्याचे कारणही सांगितलेत: टाका उंचीपेक्षा रुंद असतो, २२ टाके आणि ३० ओळी एकाच लांबीत बसतात, आणि त्यांचे प्रमाण जवळपास तीनास चार आहे. पट्टी अर्ध्या मिलिमीटरने बारीक सुईवर विणली, म्हणजे ती घट्ट राहते. काजी करण्याआधी बटने हातात असावीत, सर्वांत वरचे आणि खालचे काजे आधी ठरवून मधले अंतर मग सारखे वाटावे, आणि पुरुषांच्या कपड्यात काजी डाव्या बाजूला येतात, हे सारे तुमच्याच सूचनांप्रमाणे झाले.

भाग जोडण्याच्या बाबतीत तुमचा आग्रह मला आरंभी जास्त वाटला होता. वरून खाली अखंड विणण्याची पद्धत सोपी दिसत असताना तुम्ही पाठ, पुढचे भाग आणि बाह्या वेगळ्या विणून शिवायला सांगितलेत. मोठ्या कार्डिगनचे वजन खरोखरच पुष्कळ होते, ते खांद्यांवरून लोंबते, आणि खांद्याची व मागच्या गळ्याची शिवण ते तोलून धरते. आता कार्डिगन घातलेले पाहिल्यावर तुमच्या आग्रहाचे महत्त्व मला पूर्ण कळते. शिवण्याआधी प्रत्येक भाग कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून, मापाप्रमाणे टाचण्या लावून वाळवला, त्यामुळे बाहीचा माथा मुंढ्यात सुरकुती न पडता बसला.

काकू, या सगळ्या काळात तुम्ही माझ्या हातातल्या सुया एकदाही स्वतःच्या हातात घेतल्या नाहीत. तुम्हाला ते काम माझ्या निम्म्या वेळात आणि अधिक सुबकपणे जमले असते. तुम्ही शेजारी बसलात, पाहिलेत, आणि मी विचारले तेवढेच सांगितलेत. याबद्दल मी तुमची विशेष ऋणी आहे, कारण त्यामुळे कार्डिगन माझ्या हातचे राहिले आणि बाबांना ते तसे सांगताना मला संकोच वाटला नाही. बाही मनगटाशी थांबते, खांद्याची शिवण खांद्यावर राहते आणि बटने लावल्यावर पुढची पट्टी सरळ पडते.

आईसाठीही एक विणावे असे मनात आहे. तिला पुढे खिसे हवे आहेत, आणि खिशाचे तोंड ताणू नये म्हणून काय करावे, हे विचारायला मी लवकरच तुमच्याकडे येईन.

कृतज्ञतापूर्वक,
तुमची विद्यार्थिनी