आईच्या भाषेचे मार्क कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी पोरगी नववीत आहे. मागच्या महिन्यात आमच्या कोरेगाव तालुक्यात शाळांची इंग्लिश वक्तृत्व स्पर्धा झाली, तिथं तिनं आजोबांच्या उसाच्या रानावर भाषण केलं, ते पण स्वतः लिहून. नंतर परीक्षकांचा कागद हातात मिळाला तर उच्चाराला 10 पैकी 3 आणि बाजूला लाल पेनानं लिहिलेलं, एमटीआय. म्हणजे मदर टंग इन्फ्लुअन्स, आईच्या भाषेचा परिणाम. खाली दोन शब्दांना गोल केलेला, फार्म आणि फिल्म. फार्ममधला र वाजतो आणि फिल्मचं फिलम होतं म्हणून. पोरगी त्या दिवशी जेवली नाही, रात्री मोबाईलवर कुठल्यातरी क्लासची जाहिरात दाखवून म्हणते, पप्पा हे लोक एमटीआय काढून देतात, मला लावा ना.

मी आता गावी ऊस आणि आलं करतो, पण त्याआधी 21 वर्षं मर्चंट नेव्हीत मोटरमन होतो, जहाजाच्या इंजिन रूममध्ये. इंग्लिश मी पुस्तकात कमी आणि कामावर जास्त शिकलो, त्यामुळं या दोन शब्दांबद्दल मला बोलायचा हक्क आहे असं वाटतं.

आमचे एक चीफ इंजिनियर स्कॉटलंडच्या अॅबर्डीनचे होते. त्यांचा र आपल्यासारखाच खणखणीत, कार म्हणजे कार, फार्म म्हणजे फार्म. लंडनकडचे लोक तो र गिळतात, पण स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेतला बराचसा भाग तो वाजवतो. मग माझ्या पोरीचा र चुकला कुठं? स्कॉटलंडच्या माणसानं म्हणला की तो तिथला अॅक्सेंट आणि साताऱ्याच्या पोरीनं म्हणला की एमटीआय, हे काही मला पटत नाही. हे साहेब सकाळी भेटले की म्हणायचे "फिट लाइक?" मला वाटलं तब्येत विचारतायत, आणि अर्थ जवळपास तोच निघाला, कसा आहेस. त्यांच्याकडं व्हॉटचं फिट होतं. छोटा पाना हवा असला की "वी स्पॅनर" मागायचे, ड्युटीच्या वेळेबाहेरचं काम म्हणजे "आउटविथ अवर्स", आणि घरून फोन आला की विचारायचे, "हाऊज द बेर्न?", म्हणजे लेकरू कसं आहे. ते बेर्न म्हणजे हीच पोरगी, तेव्हा दीड वर्षाची होती.

आता फिल्म. आमचे सेकंड इंजिनियर आयर्लंडच्या कॉर्कचे, ते फिल्मला चक्क "फिलम" म्हणायचे, आणि ते एकटे नाहीत, आयर्लंडमध्ये लाखो लोक तसंच म्हणतात. ल आणि म एकत्र आले की त्यांची जीभ मध्ये एक छोटा अ घालते, आमची म्हातारी फिलम म्हणते तशीच. त्यांची अजून एक गोष्ट मला जन्मात विसरता येणार नाही. एकदा खालून वॉकीटॉकीवर म्हणाले, "आय एम आफ्टर क्लोजिंग द व्हॉल्व्ह." मी समजलो नंतर बंद करणार आहेत, म्हणून मीच बंद करायला धावत गेलो तर व्हॉल्व्ह बंदच. त्यांनी मग मला नीट बसवून सांगितलं की आमच्याकडं आफ्टर म्हणजे काम आत्ताच झालं, ही आमच्या जुन्या आयरिश भाषेची वाक्यरचना आहे, आम्ही इंग्लिश बोलायला लागलो तेव्हा ती सोबत आली.

म्हणजे तोही एमटीआयच झाला की! आपण "आय केम टुडे ओन्ली" म्हणतो त्यातलं ओन्ली म्हणजे आपला च, मी आजच आलो. सिंगापूरचे लोक वाक्याच्या शेवटी "ला" लावतात. इंग्लिशमध्ये एकाला पण यू आणि दहा जणांना पण यू, त्यामुळं आयर्लंडवाल्यांनी "यूज" केलं आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडं "यॉल", म्हणजे आपलं तू आणि तुम्ही त्यांनाही लागलंच. ज्याची जशी गरज आणि जशी आईची भाषा तसं इंग्लिश वळलंय.

उच्चार शिकवूच नका असं मी म्हणत नाही. शिप आणि शीप यांत फरक पाहिजे, फिफ्टीन आणि फिफ्टी यांत तर पाहिजेच, तिथं घोटाळा झाला तर जहाज खडकावर जाईल. म्हणूनच इंटरनॅशनल मेरिटाइम ऑर्गनायझेशननं 2001 साली समुद्रावर बोलायची ठरावीक वाक्यं मंजूर केली, त्यात आकडे सुटे सुटे बोलायचे असतात, 150 असेल तर वन फाइव्ह झीरो, आणि ऐकू आलं नाही तर सरळ "से अगेन". जिथं माणसांचे जीव टांगणीला असतात तिथं सुद्धा समोरच्याला कळलं का हे बघतात. फिलिपिन्सचा खलाशी त्याच्या पद्धतीनं बोलतो, युक्रेनचा त्याच्या, आपला रत्नागिरीचा त्याच्या.

खुद्द इंग्लंडात तरी एक इंग्लिश कुठंय. जोसेफ राइट नावाचा माणूस 1855 साली यॉर्कशरमध्ये जन्मला, सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीवर गाढवं हाकायला, मग कापड गिरणीत, 15 वर्षांचा होईपर्यंत वाचता येत नव्हतं. पुढं हाच माणूस ऑक्सफर्डला प्रोफेसर झाला आणि खेड्यापाड्यातल्या इंग्लिश बोलींचा सहा खंडांचा कोश त्यानं 1898 ते 1905 मध्ये काढला. ज्या बोलीला लोक गावठी म्हणायचे तीच त्यानं शब्द शब्द करून जपून ठेवली. कर्मवीर अण्णांच्या कमवा आणि शिकामधून वर आलेली माणसं या जिल्ह्यात घरटी सापडतील, त्यांना या माणसाची किंमत वेगळी सांगायला नको.

म्हणून तालुक्यातल्या आणि जिल्ह्यातल्या सगळ्या आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे, मार्कांच्या कागदावर उच्चार असा रकाना ठेवायचाच असेल तर त्यापुढं "ऐकणाऱ्याला स्पष्ट समजलं का" एवढं लिहा आणि त्याचे मार्क द्या. एमटीआय हा शब्द लहान पोरांच्या कागदावर लिहू नका, आईच्या भाषेचा परिणाम हा दोष म्हणून लाल पेनानं वाचायला लागला की पोरं आईसमोरच बोलायची बंद होतात, आमच्या घरी तीन दिवस तेच चाललं होतं. आणि शाळांनी आठवड्यातून एखादा तास मोबाईलवर का होईना पण स्कॉटलंडचा, आयर्लंडचा, नायजेरियाचा, सिंगापूरचा माणूस बोलताना पोरांना ऐकवावा, पैसा लागत नाही त्याला.

क्लास मी लावला नाही. चीफ साहेबांना मेसेज केला, ते आता रिटायर होऊन अॅबर्डीनलाच असतात, त्यांनी पोरीला दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला, त्यात फार्म हा शब्द चार वेळा आहे. तिनं तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवलाय आणि जानेवारीतल्या स्पर्धेला उसाचंच भाषण परत करणार आहे.

आपला,
एक पालक, ता. कोरेगाव, जि. सातारा